इको रिपोर्टातली उजवी बाजू
वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात ईएफबद्दल, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं त्या आकड्याबद्दल, लिहिलं आणि या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं रिपोर्टातल्या खालच्या ओळींवर बोट ठेवणारी निघाली. बरं वाटलं. इंदूरमध्ये मी बऱ्याच वर्षांपासून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करते. रिपोर्ट हातात पडला की ईएफचा आकडा बघून, घडी घालून पिशवीत टाकणारेच जास्त भेटतात. म्हणून यावेळी फक्त हृदयाच्या उजव्या बाजूचे प्रश्न घेतले आहेत. बीपी आणि कोलेस्टेरॉलवाल्यांनी रागावू नये, त्यांची पत्रं जपून ठेवली आहेत.

सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. खातेगावकडे असताना तीसेक वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. हल्ली जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय सुजतात, बोट दाबलं की खड्डा पडतो. इकोत ईएफ ६० टक्के आला, त्यामुळे घरात सगळे म्हणतात, हार्ट फर्स्ट क्लास आहे, वयाचं दुखणं आहे. पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय: आरए, आरव्ही डायलेटेड, टॅप्सी १३ मिमी, मॉडरेट टीआर, आरव्हीएसपी ५८. हे मनावर घ्यायचं का?
(सूनबाई, रामबाग, इंदूर)

घ्यायचं, आणि सगळ्यात आधी हेच घ्यायचं. ईएफ ६० हा आकडा खोटा नाही, पण तो फक्त डाव्या खालच्या कप्प्याचा आहे. तो कप्पा अंगभर रक्त पाठवतो आणि सासूबाईंच्या बाबतीत ते काम तो नीट करतोय. पायाची सूज आणि धाप मात्र रिपोर्टाच्या त्या बारीक अक्षरांशी जास्त जुळतेय.

उजवा खालचा कप्पा, म्हणजे आरव्ही, शरीरातून परत आलेलं रक्त फुफ्फुसांत ढकलतो. आरए हा त्याच्या वरचा कप्पा. निरोगी फुफ्फुसांत रक्ताला फारसा अडथळा नसतो. डाव्या कप्प्याला पाऱ्याच्या १२० मिमीच्या आसपास दाब तयार करावा लागतो, उजव्याचं २५ मध्ये भागतं. त्यामुळे त्याची भिंतही पातळ, फार तर ५ मिमी. आता वर्षानुवर्षं चुलीचा धूर आत गेला की फुफ्फुसांची जाळी खराब होते, ऑक्सिजन कमी पडतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढत जातो. रिपोर्टातला आरव्हीएसपी ५८ म्हणजे हाच दाब. पातळ भिंतीच्या कप्प्याला हा भार झेपत नाही. तो फुगतो. तो फुगला की त्याच्या दाराशी असलेल्या तीनदली झडपेची कडही ताणली जाते, दलं पुरती मिटत नाहीत आणि रक्त उलटं गळायला लागतं. हाच तुमच्या रिपोर्टातला टीआर. मग मागच्या शिरा तुंबतात, आधी यकृत, नंतर पाय.

तुम्ही विचारलं नाहीत, पण रामबागेतलं कुणीतरी विचारेलच की मग उजव्याचाही ईएफ सरळ का सांगत नाहीत. डावा कप्पा निमुळता आणि बऱ्यापैकी सुडौल असतो, दोन छेद घेतले की त्यात किती रक्त मावतं ते गणिताने काढता येतं. उजवा त्याला बाहेरून बिलगून असतो. आडव्या छेदात करंजीसारखा दिसतो, बाजूने पाहिला तर त्रिकोणी. रक्त आत येण्याची वाट एका पातळीत आणि बाहेर पडण्याची दुसऱ्या. साध्या इकोच्या एका चित्रात तो सबंध मावतच नाही. खरं आकारमान हवं असेल तर एमआरआय, नाहीतर त्रिमितीय इको. त्रिमितीय इकोत उजव्याचा ईएफ ४५ टक्क्यांच्या खाली गेला की कमी समजतात. पण ते मशीन, तो वेळ आणि श्वास रोखून धरणारा पेशंट, तिन्ही एकाच दिवशी जमून यावं लागतं.

म्हणून आम्ही दुसरीकडून हात घालतो. उजवा कप्पा मुख्यतः लांबीच्या दिशेने आखडतो. प्रत्येक ठोक्याला तीनदली झडपेची बाहेरची कड हृदयाच्या टोकाकडे ओढली जाते आणि परत जागेवर जाते. त्या कडेवर मशीनची एक सरळ रेघ धरायची. पडद्यावर कडेचा वर-खाली जाणारा माग उमटतो, त्याच्या खालच्या बिंदूपासून वरच्या बिंदूपर्यंतचं अंतर मोजायचं. हीच टॅप्सी. १९८४ मध्ये संजीव कौल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजणी मांडली आणि इतक्या वर्षांत ती मागे पडली नाही, कारण कुठल्याही साध्या मशीनवर अर्ध्या मिनिटात होते. १७ मिमीच्या खाली गेली की कमी. सासूबाईंची १३.

पण टॅप्सी एकाच जागेची हालचाल सांगते. रेघ तिरकी धरली की आकडा फसवा येतो. म्हणून जोडीला आणखी दोन गोष्टी बघायच्या. त्याच कडेचा वेग, ज्याला आम्ही एस-प्राइम म्हणतो, तो सेकंदाला ९.५ सेंमीच्या वर हवा. आणि कप्पा फुललेला असताना आणि आखडलेला असताना त्याचं क्षेत्रफळ किती टक्क्यांनी घटतं ते. ३५ टक्क्यांच्या खाली म्हणजे काम मंदावलं. तुमच्या रिपोर्टात या दोन्ही नोंदी नाहीत. तरीही मोठा झालेला कप्पा, कमी टॅप्सी, चढलेला दाब आणि सुजलेले पाय, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. आणखी एक सोपा भागाकार करून बघा: टॅप्सी भागिले दाब. १३ भागिले ५८, म्हणजे साधारण ०.२२. युरोपातल्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत ०.५५ च्या खालचं गुणोत्तर फुफ्फुसांतला दाब वाढल्याच्या खुणांमध्ये धरलेलं आहे. केवढ्या दाबासमोर कप्पा केवढा हलतोय, हे त्यातून कळतं. नुसत्या टॅप्सीपेक्षा मला हा आकडा जास्त बोलका वाटतो.

घरच्यांना फार बोल लावू नका. डॉक्टरमंडळींनीही उजव्या बाजूला बराच काळ सावत्रपणाने वागवलं. १९४३ मध्ये आयझॅक स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या उजव्या कप्प्याची भिंत डागून निकामी केली, तरी शिरांतला दाब म्हणावा तसा वाढला नाही. झालं, उजवा कप्पा म्हणजे नुसती वाट, असा समज पुढे कितीतरी वर्षं चालला. त्या कुत्र्यांची फुफ्फुसं धडधाकट होती, पुढे अडथळाच नव्हता, हे ध्यानात घ्यायला वेळ लागला.

आता करायचं काय? बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणा. बसल्या जागी आणि घरातल्या घरात सहा मिनिटं चालल्यावर, दोन्ही आकडे लिहून ठेवा. छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी, करून घ्या. बसल्या जागीच ऑक्सिजन ८८ किंवा त्याहून खाली राहत असेल तर घरी ऑक्सिजन लावण्याचा विचार ते करतील. लागला तर दिवसातून किमान १५ तास लावायचा असतो, धाप लागली की दहा मिनिटं असं त्यात नसतं. सूज उतरवायच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. शेजारच्या काकूंना सिल्डेनाफिलने, म्हणजे फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळीने, बरं वाटलं म्हणून तीच मागू नका. फुफ्फुसांच्या आजारातून आलेल्या दाबावर ती सरसकट देत नाहीत, काही जणांचा ऑक्सिजन त्याने आणखी खाली जातो. रात्री घोरतात का, मध्येच श्वास अडकतो का, हेही डॉक्टरांना सांगा. आणि देवघरातला धूप, मच्छरची कॉइल, दोन्ही बंद. देव समजून घेईल, फुफ्फुसं नाही घेणार.

तीन आठवड्यांच्या अंतराने दोन ठिकाणी इको केला. एकाने फुफ्फुसांतला दाब ३९ लिहिला, दुसऱ्याने ५१. मी आयुष्यभर बँकेत हिशेब केला, मला हा फरक सहन होत नाही. कोणाचं मशीन खराब आहे?
(निवृत्त बँक अधिकारी, लोकमान्यनगर, इंदूर)

बहुतेक कोणाचंच नाही. तुम्ही दोन्ही रिपोर्टांच्या प्रती पाठवल्यात म्हणून सांगता येतं. दोन्हींत टीआरचा वेग सेकंदाला ३ मीटर आहे. म्हणजे मोजलं दोघांनी सारखंच.

हा दाब इकोत थेट मोजला जात नाही, हिशेबाने काढतात. झडपेतून उलट्या गळणाऱ्या रक्ताचा वेग डॉप्लरने, म्हणजे इको मशीनच्या वेग मोजायच्या सोयीने, घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, चारने गुणायचं. तीनचा वर्ग नऊ, नऊ चोक छत्तीस. हा झाला उजव्या दोन कप्प्यांमधल्या दाबाचा फरक. त्यात वरच्या कप्प्याचा स्वतःचा दाब मिळवायचा. तुमची दोन दुकानं इथे वेगळी झाली. एकाने ३ मिळवले, दुसऱ्याने १५.

हे ३ आणि १५ मनाने घेत नाहीत, निदान घेऊ नयेत. पोटातून हृदयाकडे येणारी मोठी शीर, आयव्हीसी, बघायची. ती २१ मिमीपर्यंत असेल आणि नाकाने झटकन श्वास ओढल्यावर निम्म्याहून जास्त चपटी होत असेल तर ३. त्याहून रुंद असेल आणि चपटी होत नसेल तर १५. अधलंमधलं काही असेल तर ८. आता यात गंमत अशी की सगळं त्या एका श्वासावर येऊन ठेपतं. मी पोटावर प्रोब धरून सांगते, काका, नाकाने ओढा. निम्मे लोक तोंड उघडून मोठ्ठा श्वास घेतात आणि तिथेच धरून ठेवतात, काही जण पोट असं फुगवतात की शीर चित्रातून गायबच होते. मग मी सांगते, सर्दी झालीय आणि रुमाल घरी राहिलाय, तसं ओढा. त्यावर हसतात, आणि हसता हसता बरोबर ओढतात. पडद्यावर ती काळी पट्टी क्षणात मिटते. हे जिथे धीराने करत नाहीत, तिथे शीर चपटी होत नाही असं लिहून पंधरा मिळवून मोकळे होतात. काही ठिकाणी तर आयव्हीसीकडे न बघताच सगळ्यांना सरसकट १० मिळवतात. मला विचाराल तर हा निव्वळ आळस आहे. तुमच्या बाबतीत मधल्या काळात लघवीची गोळी सुरू किंवा बंद झाली असेल, तर मात्र दोन्ही आकडे आपापल्या दिवशी बरोबरही असू शकतात. गोळ्यांच्या तारखा ताडून बघा.

म्हणून बेरजेपेक्षा वेगाकडे बघत जा. २.८ पर्यंत असेल आणि उजव्या बाजूच्या इतर खुणा नसतील तर काळजीचं कारण कमी. ३.४ च्या वर गेला तर पुढच्या तपासण्या हव्यातच. तुमचा वेग ३, म्हणजे या दोन्हींच्या मधला, तेव्हा कप्प्यांचा आकार, मधली भिंत डावीकडे दबली आहे का, फुफ्फुसांकडे जाणारी धमनी रुंद आहे का, हे जोडीला बघून ठरवायचं. आणि फुफ्फुसांतला दाब वाढलाय हा शेवटचा निर्णय इकोवर होतच नाही, तो कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, आत घालून सरासरी दाब मोजल्यावर होतो. २० च्या वर असेल तर वाढलेला. पूर्वी ही मर्यादा २५ होती.

जाता जाता: रिपोर्टात 'ट्रिव्हियल टीआर' असं दिसलं म्हणून पत्र लिहिणारे या महिन्यातही बरेच आहेत. एवढीशी गळती धडधाकट माणसांत सर्रास दिसते. उलट गळती अजिबातच नसेल तर आम्हाला वेग मिळत नाही आणि हा हिशेबच मांडता येत नाही.

माझी बायपास होऊन आठ महिने झाले. मेघदूत उपवनात रोज सकाळी तीन फेऱ्या मारतो, धाप नाही, सूज नाही. परवाच्या इकोत टॅप्सी १३ आणि 'पॅराडॉक्सिकल सेप्टल मोशन' असं आलंय. ऑपरेशनच्या आधी टॅप्सी २१ होती. ऑपरेशनमध्ये उजवी बाजू बिघडवली का?
(वय ६४, सुदामानगर)

असं वाटणं साहजिक आहे, पण बायपासनंतर हे हमखास दिसतं. हृदयाभोवतीचं आवरण उघडलं की कप्प्याची लांबीच्या दिशेची हालचाल कमी होते आणि पुढे बराच काळ कमीच राहते. कप्पा ते काम आडवं आखडून भरून काढतो. टॅप्सीला फक्त लांबीची हालचाल कळते, त्यामुळे तिचा आकडा पडतो. दोन कप्प्यांमधली भिंत ऑपरेशननंतर वेगळ्या ढंगाने हलते, तेच त्या लांबलचक इंग्रजी शब्दांत लिहिलंय.

तुमच्या रिपोर्टात उजवा कप्पा नेहमीच्या आकाराचा आहे, क्षेत्रफळ ४१ टक्क्यांनी घटतंय, आयव्हीसी बारीक आहे, टीआर नावाला. त्यात तीन फेऱ्या बिनधाप. मी तरी यात काही शोधत बसणार नाही. टॅप्सी वाढवायची गोळी नसते, कोणी दिली तर घेऊ नका. पुढच्या वर्षी इको कराल तेव्हा तो ऑपरेशननंतरच्या या रिपोर्टाशी ताडून बघायला सांगा, आधीच्या २१ शी नको.

मुलगी २४ वर्षांची. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात १८ मिमीचं भोक निघालं. उजवी बाजू मोठी झालीय, पण टॅप्सी २७ आहे आणि डॉक्टर म्हणाले काम उत्तम आहे. तरी बंद करा म्हणतात. उत्तम आहे तर बंद कशाला? लग्नाचंही बघतोय.
(एक आई, उज्जैन)

टॅप्सी जास्त दिसतेय ती भोकामुळेच. डावीकडचं रक्त भोकातून उजवीकडे येतं, उजव्या कप्प्याला दर ठोक्याला जादा रक्त उपसावं लागतं, म्हणून तो जोरात हलतो. अशा पेशंटमध्ये टॅप्सीला मी फारसं महत्त्व देत नाही, आकाराला देते. उजवी बाजू मोठी होणं हेच बंद करण्याचं कारण, फुफ्फुसांतला अडथळा फार वाढलेला नसला म्हणजे झालं. भोक पडद्याच्या मधोमध असेल आणि भोवती पुरेशा कडा असतील तर मांडीतल्या शिरेतून जाऊन छत्रीसारखं उपकरण बसवता येतं. कडा बघायला अन्ननलिकेतून इको करतील. बंद केल्यावर टॅप्सी २० वर आली तर घाबरून पत्र लिहू नका, जादा काम संपल्याची ती खूण.

लग्न आणि भोक यांत आधी भोक. बाळंतपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदयावर भार येतो. आणि मुलाकडच्यांपासून लपवू नका. बंद झाल्यावर त्यात लपवण्यासारखं काही उरतही नाही.

मी देवासला इको टेक्निशियन आहे. बाहेर रांग, आत एक मशीन. उजव्या बाजूसाठी कमीत कमी काय केलंच पाहिजे?

हे पत्र वाचून फार आनंद झाला, म्हणून इतर वाचकांची माफी मागून थोडं धंद्याचं बोलते.

नेहमीच्या चार कप्प्यांच्या चित्रात उजव्याची रुंदी मोजू नका. प्रोब जरासा फिरला की ती पाच-सात मिमीने बदलते. प्रोब किंचित बाहेरच्या अंगाला घेऊन, डावा कप्पा मध्यावर राखून, उजव्याची सबंध बाहेरची भिंत दिसेल असं चित्र घ्या. त्यात तळाशी ४१ मिमीच्या वर म्हणजे मोठा. त्याच चित्रात टॅप्सी आणि एस-प्राइम घ्या, रेघ हालचालीच्या समांतर. तिरकी पडत असेल तर पेशंटला आणखी कुशीवर वळवा. आकडा ओढूनताणून आणू नका. मग आडव्या छेदात मधली भिंत बघा: ठोका पडताना चपटी होत असेल तर दाबाचा भार, हृदय सैल असताना होत असेल तर रक्ताचा. टीआरचा वेग एकाच जागेवरून घेऊन थांबू नका, निदान तीन ठिकाणी बघा आणि सगळ्यात स्वच्छ दिसणारा, सगळ्यात जास्त असलेला घ्या. पुसट कडेवरून अंदाजाने घेतलेला नको. शेवटी आयव्हीसी. स्ट्रेन, म्हणजे भिंत लांबीत किती टक्के आखडते ते, जमत असेल तर उत्तम, बाहेरच्या भिंतीचा आकडा २० च्या खाली म्हणजे कमी. पण वरचं एवढं नीट केल्याशिवाय स्ट्रेनच्या मागे लागू नका.

दम्याच्या किंवा बिडीवाल्या पेशंटची छाती हवेने फुगलेली असते, नेहमीच्या जागेवरून काही दिसत नाही. गुडघे दुमडायला सांगून बरगडीखालून जा, तिथून बहुतेक दिसतं. तिथे भिंतीची जाडीही मोजता येते. अचानक धाप लागलेला पेशंट आला, भिंतीचा मधला भाग निपचित आणि टोक मात्र छान हलतंय असं दिसलं, तर रांग सोडा आणि डॉक्टरांना हाक मारा. फुफ्फुसांत गुठळी अडकल्यावर असं दिसू शकतं. आणि उजवी बाजू दिसलीच नसेल तर फॉरमॅटमध्ये आधीच छापलेलं 'आरव्ही नॉर्मल' खोडा.

इकोला उपाशी जावं लागतं का? साडी नेसून चालेल का?
(तीन-चार पत्रं, सगळी इंदूरचीच)

साध्या इकोला उपाशी नको. पोहे खाऊन या, वर जिलेबीही चालेल, शुगर असेल तर तिचा जाब मात्र दुसरे डॉक्टर विचारतील. रोजच्या गोळ्या चुकवू नका. अन्ननलिकेतून करायच्या इकोला मात्र साधारण सहा तास काही खायचं नाही, तिथे सांगतील तसं करा. साडी चालते, पुढून उघडणारा ब्लाउज असला की बरं. बाईच हवी असेल तर नंबर लावतानाच सांगा. जुने रिपोर्ट आणा, सगळे, मोबाइलमधल्या फोटोंवर भागवू नका. त्या बारीक अक्षरांच्या ओळी त्यात कधीच वाचता येत नाहीत.